पहिल्या तुकडीतला दादा

"बसा निवांत, मी हाय की."

मैदानात उतरण्याआधी तो खाली वाकायचा, चिमूटभर माती उचलून दोन्ही तळहातांना चोळायचा, हात चड्डीला पुसायचा आणि बाहेर बसलेल्या आम्हा पोरांकडे वळून एवढंच म्हणायचा. मग खांबाला एक थाप, आणि गडी आत.

असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. लग्नात वाढपी कमी पडले की उठतो, एस.टी. बंद पडली की सगळ्यांच्या आधी उतरून धक्का मारायला लागतो. त्याला सांगावं लागत नाही. आमच्या कॉलेजात हा होता. वयानं आमच्यापेक्षा मोठा. मधली काही वर्षं शाळा सोडून शेती केली आणि मग पुन्हा मॅट्रिकला बसून पास झालेला. म्हणून सगळे त्याला दादाच म्हणायचे. खेळाचे सरसुद्धा.

गाव त्याचं पारनेरच्या पलीकडं, माझं अलीकडं. नगरला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, त्याच्या घराण्यात तो पहिला. ही गोष्ट मी आजही छाती पुढं काढून सांगतो. त्या काळी पारनेरहून कॉलेजात येणं म्हणजे नुसतं पुस्तक घेऊन बसणं नव्हतं. जेवण गावाकडून यायचं. सकाळच्या गाडीला आई डबा द्यायची, कंडक्टर तो नगरच्या स्टँडवर उतरवायचा. कधी गाडी चुकायची, कधी डबा भलत्याच गाडीनं पुण्याला जायचा. अशा दिवशी मी तोंड पाडून आलो की दादा आपलं फडकं सोडायचा. बाजरीच्या भाकरीचे दोन भाग करायचा आणि मोठा भाग माझ्याकडं सरकवायचा.

"बस निवांत. मी हाय की."

आता खेळाचं सांगतो, कारण दादा म्हणजे खो-खो.

ज्यांनी खेळलाय त्यांना ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. नऊ गडी पळणारे, पण सगळे एकदम आत जात नाहीत. तिघं तिघं जातात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. तिसरीही बाद झाली आणि वेळ उरला, तर पहिलीनं पुन्हा उतरायचं. पहिली तुकडी म्हणजे दादा आणि दोन चपळ पोरं. दुसऱ्या तुकडीत सुप्याचा दत्तू, शेवगावकडचा रामभाऊ आणि मी. तिसरीबद्दल न बोललेलं बरं. ती पोरं बसून पाठलाग करायला वाघ होती. पळायला लागली की शेळ्या.

दादाला बाद करणं म्हणजे हाताला लागलेली मासोळी धरणं. समोरचा अंगावर आला की तो अशी हूल द्यायचा की तो बिचारा रिकाम्या जागेवर सूर मारून गुडघे फोडून घ्यायचा. वर दादाच त्याला विचारणार, "लागलं का रं?"

रोज संध्याकाळी सराव असायचा. पहिली तुकडी उतरायची. बरोबरचे दोघं बाद व्हायचे, दादा उरायचा. पाठलाग करणाऱ्या पोरांची दमछाक व्हायची, दादा बसलेल्या गड्यांतून साखळी घालत पळतच राहायचा. लांब डोंगरावर चांदबिबीच्या महालावरचं ऊन विझायचं. मग सर शिट्टी मारायचे. सर शिकवायचे अर्थशास्त्र. खेळ त्यांच्या गळ्यात पडलेला.

"चला, पुरे आता. दुसरी तुकडी उद्या."

तो उद्या कधी यायचाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली तुकडी, पुन्हा दादा, पुन्हा अंधार. आम्ही रांगेत बसून शेंगा खायचो. एकदा दत्तूनं हात जोडले.

"दादा, आज जरा लवकर बाद हो की. आमचे पाय गंजले."

दादाला ते कळलंच नाही. "मुद्दाम बाद व्हायचं? आन् मग खेळायचं कशापायी?"

खेळाच्या खोलीत आल्या वर्षीच त्यानं स्वतःच्या हातानं भिंतीत एक खिळा ठोकला होता. विभागाची ढाल जिंकून तिथं टांगायची, असं त्याचं ठरलेलं. आमच्या कॉलेजनं ती ढाल कधी जिंकली नव्हती. बहुतेक कॉलेजं आम्हाला भाकरी-कॉलेज म्हणायची. दादाचं शेवटचं वर्ष आलं तरी खिळा मोकळा होता. त्यावर आम्ही शर्ट टांगायचो. दादा मात्र आपला शर्ट खिडकीला अडकवायचा, खिळ्याला कधी नाही.

त्या मोसमात सुरुवात अशी झाली की वाटलं, ढाल आलीच. राहुरीला जिंकलो, श्रीरामपूरला जिंकलो. दोन्हीकडं दादा जवळजवळ डावभर पळाला आणि आम्ही चपला काढून नुसते बसून राहिलो. श्रीरामपूरला एकानं मला विचारलं, "तुम्ही खेळाडू का?" मी म्हणालो, "व्हय, पण आमची पाळीच येत न्हाई." या गोष्टीचा आम्हाला अभिमान होता बघा!

संगमनेरला दादा लवकर बाद झाला. पाय घसरला, तेवढंच. आम्ही दुसरी तुकडी उतरलो आणि सरांनी चष्मा पुसून डोळ्याला लावेपर्यंत बाहेर आलो. तो सामना गेला. गाडी परतीला लागली. घाट उतरल्यावर दादा म्हणाला, "चुकलं माझंच. आता बादच न्हाई व्हायचो."

"बरोबर आहे दादा," आम्ही सगळे म्हणालो. सरांनीही मान हलवली. आणि दुसऱ्या दिवसापासून सरावात दादा आणखी जास्त वेळ पळू लागला. आम्ही आणखी जास्त वेळ बसू लागलो. गाडीभर माणसांत एकालाही वाटलं नाही की औषध भलत्यालाच चाललंय.

एक हार चालून गेली. अंतिम सामना आमच्याच मैदानावर आला.

त्या दिवशी दादाचे वडील गावाहून आले होते. त्यांच्या मते खो-खो म्हणजे पोरांची पकडापकडी. तरी आले, धोतराचा सोगा धरून कडुनिंबाखाली उभे राहिले. शेवटचा डाव पळण्याचा होता आणि आम्ही पुढं होतो. काही गडी हातात राखून वेळ काढायचा, एवढंच काम. दादानं माती चोळली. "बसा निवांत, मी हाय की." खांबाला थाप.

तो डाव पाहिलेली माणसं नगरात अजून भेटतात. दादा असा पळाला की समोरच्या कॉलेजची पोरंसुद्धा टाळ्या वाजवत होती. मग खांबाजवळ एकानं जिवावर उदार होऊन सूर मारला आणि त्याच्या बोटाचं टोक दादाच्या टाचेला लागलं. पंचांनी पाहिलं नव्हतं. दादानं स्वतःच हात वर केला आणि बाहेर आला.

आम्ही उतरलो. काय सांगू! खो कुठून येतोय तेच कळेना. रामभाऊ खांबावर आदळला, मी वळलो तो सरळ पाठलाग करणाऱ्याच्या छातीवर, दत्तू तेवढा दोन फेऱ्या टिकला. तिसरी तुकडी आली तशी गेली. आणि वेळ अजून उरला होता.

दादा नुकता खाली बसला होता. पाण्याचा तांब्या तोंडाला लावलेला. सर म्हणाले, "दादा, पुन्हा तुम्हीच." तो उठला. छाती भात्यासारखी हलत होती. वाकला, माती चोळली, आमच्याकडं वळला.

"बसा निवांत," म्हणाला. पुढचं म्हणायला त्याच्यात दम उरला नव्हता.

तो लगेच बाद झाला. त्याच एका गड्याच्या फरकानं आम्ही हरलो.

वडील जवळ आले. वाटलं, आता बोलणार. त्यांनी आपल्या उपरण्यानं त्याच्या गुडघ्यावरची माती झटकली आणि विचारलं, "तू येकटाच पळतो व्हय रं? ही बाकीची पोरं कशाला हायेत?"

दादानं मागं वळून आमच्या रांगेकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानात कुणी येण्याचं कारण नव्हतं. मोसम संपला होता, दादाचा तर कायमचा. तरी तो संध्याकाळी खोलीवर आला आणि माझ्या हातातलं पुस्तक मिटलं.

"चल. दत्तूला घे, रामभाऊला घे. आज मी बसतो. तुमी पळा."

परीक्षा येईपर्यंत रोज त्यानं आम्हाला पळवलं. स्वतः पाठलागाला. धापा टाकत आम्ही म्हणायचो, "दादा, आता तू पळ, आम्ही बघतो." तो मान हलवायचा. "माझं पळून झालंय. वळ! खांब सोडू नको! डोळे त्याच्या खांद्यावर ठिव!" आम्ही रडकुंडीला यायचो. एकदा मी पुरता अंधार पडेपर्यंत त्याला सापडलो नाही. तो मैदानावर पाय पसरून बसला आणि हसायला लागला. इतका खूश मी त्याला स्वतःच्या खेळावर कधी पाहिला नव्हता.

पुढच्या मोसमात आम्ही ढाल जिंकली. अंतिम सामन्यात पहिली तुकडी लवकर गेली. दुसरीनं डाव काढला. हे मी लिहितोय म्हणून नव्हे, विचारा कुणालाही.

ते बहात्तरचं साल. पाऊस नव्हता, जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली होती. बी.ए. होऊन दादा गावाकडं खडीच्या कामावर हजेरी घ्यायला लागला होता. सर म्हणाले, ढाल त्यानंच येऊन टांगायची. आम्ही पारनेरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला. दादा आला नाही. रोजची हजेरी सोडून येणार कसा? पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्याच गाडीतून एक गाठोडं उतरलं. सगळ्या संघाला पुरतील इतक्या भाकरी, लसणाचा ठेचा. भाकरी लाल होत्या. रेशनवरच्या मिलोच्या, परदेशी लाल ज्वारीच्या. त्या वर्षी घरोघर तेच खायचे, आणि तेही मोजून. आम्ही मैदानात गोल बसून त्या खाल्ल्या आणि मग ढाल त्या खिळ्याला टांगली. रामभाऊनं खिळा हलवून पाहिला. घट्ट होता.

दादा काही वर्षांपूर्वी गेला. कळलं तसे दत्तू, रामभाऊ आणि मी त्याच्या गावी गेलो. तिघांचेही गुडघे आता कुरकुरतात. ओट्यावर सतरंजी टाकलेली होती. आम्ही अवघडून उभेच होतो. त्याची सून चहा घेऊन बाहेर आली, आम्हाला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बसा निवांत," म्हणाली.

आम्ही बसलो. तिघंही पुढचं ऐकायला थांबलो होतो.