दोन कलमांमधलं अंतर

डहाणू-तलासरीच्या बाजूला नव्वद सालाआधीच्या वीस-पंचवीस वर्षांत जी माणसं जन्मली ती आमच्या शेजारच्या नर्सबाईंमुळे, आणि जी जन्मायची राहिली तीही बाईंमुळेच, असं माझं ठाम मत आहे. मसोलीत आमच्या मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. आधी बरीच वर्षं तलासरीकडच्या पाड्यांवर काढून मग कैनाडच्या बाजूला बदलून आलेल्या. सरकारने त्यांना दोन कामं दिली होती. पोरं सुखरूप जन्माला घालायची हे एक, आणि ती कमी जन्माला येतील हे बघायचं, हे दुसरं. दुसऱ्या कामाचा, म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनांचा, कोटा असे आणि तो मार्च संपायच्या आत भरावा लागे. बाई पहिल्या कामात इतक्या रमायच्या की फेब्रुवारी उजाडला की त्यांना दुसरं आठवायचं. मग छत्री काखोटीला मारून त्या पाडोपाडी हिंडायच्या आणि ज्यांच्या घरी ‘आता पुरे’ म्हणून सांगायला गेल्या, त्यांच्याच बाळाला मांडीवर घेऊन तासभर बसायच्या.

मोठ्या माणसांची नावं बाईंच्या लक्षात राहत नसत. राहायचे ते जन्म. कोण कसा आला, किती वेळ लावला, आल्याबरोबर रडला की दोन चापट्या खाल्ल्यावर, यावरून त्या माणसाला आयुष्यभर ओळखायच्या. नाक्यावर एक मिशा राखलेला होमगार्ड शिट्टी फुंकत ट्रक अडवायचा. बाईंनी त्याला भर रस्त्यात हाक मारली, “अरे ए पायाळू! बाजूला हो, माझी एसटी आली.” त्या दिवसापासून ट्रकवालेही त्याला पायाळूच म्हणू लागले. बाजारातल्या गुजराती किराणावाल्याचा थोरला बाई दिसल्या की गोदामात पळायचा, कारण तो टेम्पोत जन्मला होता आणि बाईंना ते गिऱ्हाइकांसमोर सांगायची भारी हौस.

‘पाळणा लांबवा’ असं भिंतीवर लिहून कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांचं शिकवणं सगळं चिकूच्या वाडीत चालायचं. आमच्याकडे वाडीत कलमं लावताना दोघांत चांगलं तीस फुटांचं अंतर सोडतात आणि त्यात कुणी चेष्टा खपवून घेत नाही. एका वाडीवाल्याच्या घरात पाच वर्षांत चौथं बाळंतपण होतं. तो बाहेर नवी कलमं लावत होता. बाई हात धुऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “एवढी लांब लांब कशाला लावतोस? मधल्या जागेत आणखी चार बसतील की!”

“अहो बाई, मग ती वाढतील कशी? एकमेकांचं ऊन खातील, पाणी खातील. फळ धरायचं नाही नीट.”

“झाडाचं कळतं तुला,” बाई म्हणाल्या, “आत जाऊन बायकोकडे बघ जरा.”

तो बिचारा फावडं तसंच टाकून आत गेला.

पण बाईंच्या तोंडून ‘गरिबांना पोरं फार’ असं मी कधी ऐकलं नाही. कुणी तसं म्हटलं तर त्याची धडगत नसे. तालुक्याच्या एका बैठकीत कुणी साहेब जंगलतोडीवर बोलताना पाड्यावरच्या लोकांवर घसरले. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, मी आले तेव्हा सरपण पाड्याच्या मागेच मिळायचं, आता बायका अख्खा डोंगर चढून जातात. तोंडं वाढली, खरंय. विहिरीवर पहाटेपासून रांग असते. पण त्या रांगेतल्या दहा घरांना पुरेल एवढं पाणी आपल्या एकेका न्हाणीघरात वाहून जातं. ट्रक भरून लाकूड जातं ते काय त्यांच्या चुलीत जातं?” साहेबांनी चहा मागवला. त्या वर्षी बाईंचा कोटाही भरला नव्हता. कुणीतरी आकडा भरायला पासष्टीचा म्हातारा ऑपरेशनच्या शिबिरात आणून बसवला होता, त्याला बाईंनी “आजोबा, घरी जा, तुमचं काम कधीच संपलंय” म्हणून परत पाठवलं होतं. वरून लेखी खुलासा मागवला. बाईंनी खुलाशात म्हाताऱ्याचं वय तेवढं लिहून पाठवलं.

स्वतःबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, “आम्ही अकरा भावंडं. आई मला हाक मारायची तर आधी चार बहिणींची नावं घेऊन मग माझ्यावर यायची. वाईट नव्हती हो, दमलेली होती.”

आता माझं सांगतो. मी डहाणू रोडला रेल्वेत पार्सल क्लार्क. घरात आई, बायको आणि दोन मुली. धाकटीच्या वेळी बायकोला इतका रक्तस्राव झाला की बाई टेम्पोत तिचं पोट दाबून धरून मोठ्या दवाखान्यापर्यंत गुडघ्यांवर बसून गेल्या. डॉक्टरांनी बजावलं, तिसऱ्याचं नाव काढू नका, ही हाती लागणार नाही. मी मान हलवली. घरी आल्यावर सहा महिन्यांतच आईने नातवाचा विषय काढला, आणि तेव्हाही मी मानच हलवली. मी वाईट माणूस नव्हतो, भित्रा होतो. बायको पांढरीफटक होऊन भिंतीला धरून चालायची आणि मी दोघींच्या मधे बसून पेपर वाचायचो.

बाईंनी हे मागच्या खिडकीतून बघितलं असणार. एका दुपारी त्या आल्या आणि आईसमोर वाल सोलत बसल्या. अर्धी टोपली सोलून झाल्यावर म्हणाल्या, “आजी, इतक्या वर्षांत बाळंतपणाला बोलावलं आणि मी गेले नाही असं झालं नाही. तुम्हाला मात्र आत्ताच सांगते. या घरात तिसऱ्यासाठी मला बोलावू नका. मी येणार नाही. मला ते बघायचं नाही.” आईने टोपली आपल्याकडे ओढून घेतली. बाई माझ्याकडे वळल्या, “आणि तुम्ही हो. तिचं ऑपरेशन करायला तिच्या अंगात रक्त कुठंय? तुमचं दहा मिनिटांचं काम आहे. मंगळवारी शिबिराला या.”

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी डहाणू सोडून तलासरीच्या शिबिरात गेलो. तिथे रांगेत माझ्या पुढे आमचेच स्टेशनातले बुकिंग क्लार्क बसले होते. आम्ही दोघांनी एकमेकांना न ओळखल्यासारखं केलं आणि येताना एकाच एसटीत शेजारी बसून पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

दोन महिन्यांनी बाई मला एका पाड्यावर घेऊन गेल्या. पुरुषाने ऑपरेशन केलं की ताकद जाते ही तिथली समजूत त्यांना मोडायची होती. सगळ्या पुरुषांना जमवून म्हणाल्या, “हे रेल्वेतले साहेब. ऑपरेशन झालेले. उचला हो ती भाताची गोणी!” मी वाकलो, जोर लावला, लाल झालो. गोणी जागची हलली नाही. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. आता सांगायला हरकत नाही, मला अशी गोणी लग्नाआधीही कधी उचलता आली नव्हती. पण पार्सलात काम करतो म्हटल्यावर हा ओझी उचलत असणार, असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलेलं. मी तिथं फक्त पावत्या फाडायचो. बाई कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागून एका म्हातारीने विचारलं, “बाय, याला आधी तरी जमत होता का?”

मी खरं काय ते सांगितलं. अख्खा पाडा हसला. बाई तर हसून हसून ओट्यावरच बसल्या. पण त्या हसण्यात लोकांची भीती जरा सैल झाली असावी, कारण पुढच्या शिबिराला त्या पाड्यावरचे तिघे आपणहून आले. बाईंनी मला त्याचा निरोप थेट पार्सल ऑफिसात येऊन, सर्वांदेखत दिला.

आईने मात्र बाईंना माफ केलं नाही. बाई आल्या की ती आत निघून जायची. बाई तिच्या रिकाम्या पाटाशी बसून बायकोशी बोलायच्या, मुलींच्या वेण्या घालायच्या आणि जाताना मोठ्याने “येते हो आजी” म्हणायच्या. आतून फक्त भांड्यांचा आवाज यायचा. नव्वद सालानंतर त्या निवृत्त झाल्या, भावाकडे तळकोकणात गेल्या. पुढे भावानेही घर बदललं. माझी दोन पत्रं परत आली.

आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, सगळं माझ्या बायकोने केलं. एका सकाळी बायको तिचे केस विंचरत होती. आईने तिचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या नर्सला कळव. म्हणावं, त्या दिवशी तू बोललीस म्हणून आज माझे केस विंचरायला कुणी आहे.”

मी पत्ता शोधतो म्हणालो. पुष्कळ शोधला. बाई, तुम्ही कुठं असाल तिथं हे वाचा. माझ्या आईचा, तुमच्या आजींचा निरोप आहे. यायला थोडा उशीर झाला.