तिच्यासाठी रडलेलं थेटर

मला आयुष्यात पहिला खराखुरा हेवा वाटला तो सिनेमातल्या एका मुलीचा.

तेव्हा मी सांगलीला मुलींच्या शाळेत होते आणि वसतिगृहात राहत होते. आमचं गाव तासगावच्या अंगाला. वडील लष्करात होते. दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून कृष्णेत सोडले आणि आईला म्हणाले, "आता आपण बौद्ध. कुणापुढं वाकायचं न्हाई." आई "व्हय" म्हणाली. पण गाव आमच्या वस्तीला जुन्याच नावानं ओळखत होतं, आणि सुट्टी संपवून वडील पलटणीत परत गेल्यावर आई गावाच्या विहिरीपाशी घागर घेऊन पहिल्यासारखीच बसायला लागली. कुणी तरी पोहरा ओढायचं, वरून ओतायचं. तोवर बसून राहायचं.

एकदा शाळेनं आमच्या वर्गाला दुपारच्या खेळाला नेलं. सिनेमा गावकुसाबाहेरच्या एका मुलीचा होता. तिला देवळात जाता येत नाही, नदीवर तिचा घाट वेगळा, पाटलाचा वाडा तिनं लांबूनच बघायचा. शेवटी पूर येतो, पाटलाचा लहान मुलगा वाहून जायला लागतो, ती उडी घेते. मुलगा वाचतो, ती मरते. मग पाटील तिला दोन्ही हातांवर उचलून गावातून नेतो आणि सगळा गाव मागून रडत चालतो.

आमचं थेटरही रडत होतं. बाई रडत होत्या, मुली रडत होत्या, मागं बसलेल्या अनोळखी बायका पदर तोंडात धरून हुंदके देत होत्या. माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती. गावभागातल्या, म्हणजे सांगलीतल्या जुन्या वाड्यांच्या वस्तीतल्या, वकिलांची मुलगी, वर्गात सगळ्यांत हुशार. तिनं माझा हात घट्ट धरला होता आणि तिचे अश्रू माझ्या मनगटावर पडत होते.

मी रडले नाही. मी त्या पडद्यावरच्या मुलीकडं बघत होते. गोरीपान, कोरलेल्या भुवया, फाटक्या लुगड्यालासुद्धा इस्त्री केल्यासारखी घडी. तिच्यासाठी एवढी माणसं रडत होती. आमच्या आईसाठी विहिरीवर कुणाच्या डोळ्यांत कधी पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. उलट "सरक जरा, शिंतोडे उडतील" एवढंच ऐकलं होतं. त्या मुलीला मरावं लागलं हे मला तेव्हा सुचलंच नाही. तिला सगळ्यांनी पाहिलं, एवढंच दिसत होतं.

पुढं शाळेच्या संमेलनाची वक्तृत्व स्पर्धा आली. मैत्रिणीनं तोच विषय घेतला. एका दुपारी कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून तिनं मला विचारलं, "तुमच्याकडे पाणी कसं देतात गं? खरं खरं सांग ना. नुसता सिनेमा सांगितला तर भाषण पोकळ वाटेल."

मी सांगितलं. आईचं बसणं सांगितलं, उन्हात घागर तापते म्हणून डोक्यावर घेताना ती पदराची चुंबळ खाली घालते हेही सांगितलं.

"तू का नाही बोलत स्पर्धेत?" तिनं विचारलं.

"मला नाही जमत," मी म्हणाले. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. अख्ख्या शाळेपुढं उभं राहून 'ही माझी आई' म्हणायचं, आणि नंतर त्याच मुलींच्या पंगतीला जेवायला बसायचं, हे मला झेपलं नसतं. तिला कशाचीच भीती नव्हती. तिला भीती वाटावी असं काही नव्हतंच.

ती बोलायला उभी राहिली. तापलेली घागर आली, पदराची चुंबळ आली. पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तिला चांदीसारखा चकचकीत पेला मिळाला आणि टाळ्या थांबेनात. मी शेवटच्या बाकावर होते. आई माझी, उन्हात बसणं तिचं, आणि टाळ्या मात्र गावभागातल्या मुलीला. तिच्या दोन लांब वेण्यांचा, तिच्या स्पष्ट 'ण'चा, बिनधास्त चालण्याचा, सगळ्याचाच मला एकदम राग आला.

त्याच संध्याकाळी ती मला ओढत घरी घेऊन गेली. मी तिच्या घरी नेहमी जायची. ओसरीवरच्या बाकावर बसायची. तिच्या आई, म्हणजे काकू, प्रेमळ होत्या, कधी वाकडं बोलल्या नाहीत. ओसरीच्या कोनाड्यात माझ्यासाठी एक फुलपात्र पालथं घातलेलं असायचं. त्यात काकू वरून पाणी ओतायच्या, आणि पिऊन झालं की मी ते विसळून परत पालथं घालायची. यावर आम्ही कुणीच कधी बोललो नव्हतो.

त्या दिवशीही काकू तांब्या घेऊन आल्या. मैत्रीण पेला हातात घेऊन उभी होती. मी तिला म्हणाले, "आज मला त्या पेल्यातून पाणी दे."

ती हसली. मग माझ्याकडं बघून तिचं हसू गेलं. तिनं आईकडं पाहिलं.

काकू म्हणाल्या, "अगं, तो शोभेचा आहे. त्यात कुणी पाणी पितं का?"

"मग तुमच्या आतल्या भांड्यातून द्या," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

काकूंचा चेहरा उतरला. तांब्या तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "मुली, मला तुझ्याबद्दल काही नाही गं. पण सासूबाई आत आहेत." भर सभागृहात खणखणीत बोललेली मुलगी, तिला आपल्या ओसरीवर एक शब्द सापडला नाही. मी पाणी न पिताच निघाले.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. वर्गात ती माझ्याकडं बघायची, मी वहीत डोकं घालायची.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी ती एकटीच एस.टी.नं आमच्या गावी आली. विचारत विचारत वस्तीत पोचली. दारात तिला बघून आईची त्रेधा उडाली. "या बाईसाब, या. बसा हितं." घोंगडी झटकली, मला म्हणाली, "बघतीस काय गं नुसती? ऊठ की!"

मला 'गं' आणि तिला 'बाईसाब'. मी उठले नाही.

मैत्रीण म्हणाली, "मावशी, मला पाणी द्या ना."

आई दचकली. "आमच्यातलं? चालंल तुमास्नी?"

"चालेल. द्या."

आईनं पितळी तांब्या राखेनं पुन्हा घासला, घागरीतलं पाणी भरून दिलं. मैत्रीण तांब्याला तोंड लावून सगळं पाणी प्यायली. दारात बायका जमल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "लय मोठ्या मनाची पोर हाय गं." आईच्या डोळ्यांना धार लागली. मग मैत्रिणीनं भाषणाचं सांगितलं. आई थक्क झाली. "माझ्याबद्दल बोलला? एवढ्या लोकांत?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मला शाळेत किती मार्क पडले हे तिनं इतक्या उत्सुकतेनं कधीच विचारलं नव्हतं.

मी जळत बसले होते. मी शेकडो वेळा त्यांच्या ओसरीवर पाणी प्यायले, तेव्हा कुणी मला मोठ्या मनाची म्हटलं नाही. ती एकदा प्यायली आणि वस्तीभर मोठी झाली.

तिला गाडीवर सोडायला गेले तेव्हा फाट्यावर मी ते सगळं बोलून दाखवलं. "मला तुझा हेवा वाटतो. रडलीस तरी तुझं कौतुक, बोललीस तरी तुझं, पाणी प्यायलीस तरी तुझंच."

ती पायानं माती उकरायला लागली. मग म्हणाली, "घरी सांगून आले नाहीये मी. सांगायचं धाडस नाही झालं." मग गाडीच्या वाटेकडं बघत म्हणाली, "आईला नाही बदलू शकणार मी. पण तुझी जागा ओसरीवर आणि माझी आत, तसं आता मी बसणार नाही."

गाडी आली, ती गेली.

तिनं शब्द पाळला, तिच्या परीनं. सुट्टीनंतर तिनं मला घरी बोलावणंच सोडलं. मधल्या सुट्टीत आम्ही घाटावर जायचो. ती माझी भाकरी खायची, मी तिची पोळी. तिच्या घरी हे शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या वर्षी स्पर्धेत मी नाव दिलं आणि आईच्या विहिरीपाशी बसण्यावर बोलले. बोलताना मध्येच मी अडखळून थांबले. बक्षीस तिलाच मिळालं. त्या वर्षी तिचा विषय वेगळाच काही तरी होता. हेवा मला तेव्हाही वाटला, आणि तिच्या लग्नात अक्षता टाकतानाही. पण मी जे अडखळत बोलले होते, ते माझं होतं.