तारांखालचा पाकाय

दोन्या बासिलिसा हसल्या की समजायचं, आता कुणाची तरी खरडपट्टी निघणार. एरवी चेहरा कायम गंभीर. आमच्यात मोठ्या बाईला मानानं दोन्या म्हणतात. उंची जेमतेम साडेचार फूट, पाठीवर दोन वेण्या आणि डोक्याला लोकरीची टोपी, ती उन्हाळ्यातही उतरायची नाही. रविवारी सकाळी सातला लिमा शहराच्या कडेला आमच्या टेकडीवरच्या मळ्याच्या दारात त्या उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकीची बादली हुंगायच्या. हो, हुंगायच्या! टेकडीवर नळ नाही, पाण्याची गाडी आठवड्यातून दोनदा येते. मग भाज्यांना आम्ही घरात एकदा वापरलेलं पाणी घालतो. तांदळाचं धुवण, कपडे खळबळल्यावरचं शेवटचं पाणी. त्याला ब्लीचचा जरा वास आला की ती बादली रस्त्यावर ओतायला लावायच्या.

"हे काय आणलंस, नेमेसिया? संडास धुवायचाय का?"

"एखादा थेंब पडला असेल हो, दोन्या."

"थेंबानंच कोबी मरतो. जा, ओत तिकडे. दुसरी भरून आण."

दुसरी भरून आण म्हणजे दोनशे चौदा पायऱ्या खाली आणि दोनशे चौदा वर. मी पहाटेपासून बसथांब्यावर औषधी पाल्याचा गरम काढा विकून आलेली असायचे, पायांचे तुकडे पडलेले असायचे, आणि ही बाई मला सगळ्यांदेखत परत पाठवायची. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलंय, ते पाद्रीबाबांनाही कधी सांगितलेलं नाही.

पण त्या नसत्या तर मळाच नसता, हेही तितकंच खरं. टेकडीवरून विजेच्या मोठ्या तारा जातात. धुकं असलं की दिवसभर त्यांचा चरचर आवाज येतो. खाली घर बांधायला मनाई, म्हणून सगळ्या वस्तीनं तिथे कचरा टाकायला सुरुवात केली होती. बासिलिसाबाई उआन्ताकडच्या डोंगरातून लिमाला आलेल्या, जन्म शेतात गेलेला. त्यांना ते बघवेना. घरोघर फिरून त्यांनी बारा जणी गोळा केल्या, त्यात मी सगळ्यांत लहान. चार महिने दर रविवारी आम्ही नुसता कचरा उपसला. फाटके टायर, पोरांचे लंगोट, एकदा तर अख्खं मेलेलं कुत्रं. त्याबद्दल कुणाला काही मिळत नव्हतं, आजही मिळत नाही. येईल ती आपला रविवार देते. भाजी निघते ती सामायिक चुलीवर जाते आणि त्या चुलीवर अडतीस घरांचं दुपारचं जेवण शिजतं. काही घरांत दिवसभरातलं तेवढंच.

जागा वीज कंपनीची. तिनं कागद करून दिला. मळा करा, पण दोन मीटरच्या वर काही वाढता कामा नये. वाढलं तर परवानगी रद्द, जागेला कुंपण. जबाबदार व्यक्ती म्हणून खाली सही बासिलिसा केंचो यांची. आधी रद्दी कागदावर दहादा गिरवून मग त्यांनी ती केली होती.

आणि नेमकं त्यांच्याच वाफ्यात झाड उगवलं.

त्यांना एक मुलगी होती, येनी. एकोणीस वर्षांची, छातीच्या आजारानं पार पोखरलेली. आम्ही कचरा उपसायचो तेव्हा ती टायरवर बसून चिडवायची, "काय गं बायांनो, राजवाडा बांधताय की काय?" पाकायच्या शेंगांचं तिला वेड. हातभर लांब हिरवी शेंग, आत कापसासारखा पांढरा गोड गर आणि काळ्या बिया. गर चोखायची आणि बिया नेम धरून थुंकायची. एकदा आमच्या बारा जणींतल्या साबीनाच्या कपाळाच्या मधोमध मारली होती, साबीना फावडं घेऊन मागे धावली. त्याच वर्षी येनी गेली. पुढच्या थंडीत ती बसायची तिथे एक रोप वर आलं. बासिलिसाबाई त्याच्यापाशी उकिडव्या बसल्या. "ही माझ्या येनीनं थुंकलेली बी," एवढंच म्हणाल्या. ते उपटा असं सांगायची आमची कुणाची छाती झाली नाही.

पाकाय घराच्या वर जातो. सही करणाऱ्या बाईला हे कळत नव्हतं थोडंच! दरवर्षी जुलैत, ऑगस्ट लागायच्या आत, त्या स्वतः कात्री घेऊन झाड आपल्या डोक्याइतकं छाटायच्या. मग वर्षभर दर रविवारी कोंब खुडायच्या. फूल नव्या फांदीवर येतं, आणि नवी फांदी त्या ठेवतच नव्हत्या. वीस वर्षं झाडाला एक फूल आलं नाही.

मी एकदा म्हटलं, "दोन्या, एकदा तरी फुलू द्या की बिचाऱ्याला."

त्या हसल्या. मी मनाशी म्हटलं, मेले आता.

"फुलं अडतीस घरांच्या पातेल्यात शिजतात का गं? उद्या कंपनीचा माणूस आला तर तू घालशील सगळ्यांना जेवायला? काढा पाजून ठेवशील?"

मागच्या जूनमध्ये धुक्यानं ओल्या झालेल्या पायऱ्यांवरून त्या घसरल्या. खुबा मोडला. मुलगा शहराच्या पार उत्तरेला, पुएन्ते पिएद्राला राहतो, तो त्यांना घेऊन गेला. गाडीत निजवल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. साबीनाचं नाही, माझं.

"ऑगस्टच्या आत छाट."

"छाटते."

"आणि मग कोंब."

"हो हो, दोन्या. तुम्ही आधी बऱ्या व्हा."

आता खरं सांगते. जुलैत मी कात्री घेऊन झाडासमोर उभी राहिले. तीन-चार आठवडे कुणी कोंब खुडले नव्हते, सगळीकडून कोवळी पालवी फुटलेली. मनात आलं, बाई चौऱ्याहत्तरच्या झाल्या. येनीच्या झाडाची एक शेंग त्यांनी हातात धरू नये? कंपनीचा माणूस दरवर्षी फेब्रुवारीत येतो. शेंगा जानेवारीत तयार होतील, त्या खाऊन झाल्या की छाटू. कोण विचारतंय? हे झालं चांगलं कारण. दुसरंही होतं. वीस वर्षं त्यांचंच ऐकलं होतं, एकदा मला माझ्या मनासारखं करायचं होतं. आज त्याची लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

असं करता करता ऑगस्ट लागला. ऑगस्टच्या सुरुवातीला जमीन जागी असते, भुकेली असते. आमच्याकडे तेव्हा तिला चिचा, म्हणजे मक्याची दारू, पाजतात, कोकाची पानं देतात आणि लोखंड लावत नाहीत.

साबीना मागे लागली होती. "नेमे, छाट गं बाई ते."

"ऑगस्टात लोखंड लावतात का?"

"जमिनीला नाही लावत! झाडाला लावायला काय झालं?"

"झाड काय हवेत उभं आहे? तू मला शिकवू नकोस."

तिचं बरोबर होतं आणि ते मला कळत होतं. पण ऑगस्टचं नाव घेतलं की आमच्यात कुणी पुढे बोलत नाही, सगळ्या डोंगरातल्या. मी त्याचाच फायदा घेतला.

बासिलिसाबाईंचा दर रविवारी दुपारी फोन यायचा.

"छाटलंस?"

"छाटलं."

"किती?"

"तुमच्याएवढं. बोटभर कमीच."

"आणि कोंब?"

"खुडले हो, आत्ताच खुडले. किती काळजी कराल!"

पहिल्यांदा जीभ जरा अडखळली. चौथ्या-पाचव्या रविवारी तर मी बीट धुता धुता खोटं बोलायचे. पलीकडून त्या म्हणायच्या, "तू आहेस म्हणून मला झोप लागते." हे वाक्य माझ्या मानेवर बसलंय, उतरत नाही.

सप्टेंबरात झाड फुललं. पांढरी, मऊ झुपकेदार फुलं. मधमाश्या आल्या. ज्या साबीनानं मला छळलं होतं तीसुद्धा गप्प उभी राहून बघत होती. ऑक्टोबर संपता संपता बोटभर शेंगा लटकल्या. जानेवारीत बाईंना आणायचं, खुर्ची झाडाखाली ठेवायची, हे सगळं माझं ठरलेलं होतं.

कंपनीचा माणूस नोव्हेंबरातच आला. नवीन होता, तरुण इंजिनियर, बोलायला नम्र. त्यानं पट्टी लावली. तीन मीटर दहा.

"आज कापते, साहेब. आत्ता, तुमच्या डोळ्यांसमोर."

"बाई, मी फक्त लिहून घेतो. अट मी घातलेली नाही."

"वीस वर्षांत एकदा तरी चुकलो का आम्ही?"

"नाही. तेही लिहितो."

आठवड्यानं पत्र आलं. परवानगी रद्द. फेरविचार हवा असेल तर दहा दिवसांत झाड मुळासकट काढायचं आणि जबाबदार व्यक्तीनं जागेवर हजर राहून सही करायची. छाटणी चालणार नाही. वीस वर्षं जे झाड छाटून जगलं होतं, ते माझ्यामुळे आता अजिबात राहणार नव्हतं.

साबीनानं पत्र मोठ्यानं वाचलं आणि मग माझ्या अंगावर ओरडली, "अडतीस घरं, नेमे! शेंगा खायला घालशील का त्यांना?" बाकीच्या खाली बघत होत्या. मी फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"दोन्या, मी छाटलं नव्हतं."

"किती झालंय?"

"तीन मीटर दहा. कंपनीनं पकडलं. मुळासकट काढायचंय, आणि तुमची सही..."

"शेंगा धरल्यात का?"

"धरल्यात. बोटभर."

पलीकडे सुनेच्या हातून भांडं पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "पोराला गाडी बघायला सांगते," आणि फोन ठेवला.

त्या रविवारी आल्या. दोघा गड्यांनी खुर्चीत बसवून दोनशे चौदा पायऱ्या वर आणलं. इंजिनियर आधीच येऊन बसला होता. बाईंनी खुर्ची झाडाजवळ न्यायला लावली, मान वर करून बराच वेळ पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या झाडाकडे वर बघत होत्या. खालची एक शेंग त्यांनी दोन बोटांत धरून दाबली.

"कच्च्या आहेत," म्हणाल्या.

मला वाटत होतं, शिव्या द्या, काठी घाला पाठीत, काहीतरी करा. मी कुऱ्हाड उचलली. "दोन्या, मी तोडते. माझी चूक, मीच निस्तरते."

"तू नाही." आवाज चढलेला नव्हता. "ठेव ती खाली. साबीना, तू घे."

साबीनानं तोडलं, रडत रडत. मग सगळ्यांनी मिळून मूळ खणायला घेतलं. वीस वर्षांचं मूळ, चार वाफ्यांखाली गेलेलं. कोबीची एक अख्खी ओळ उपटावी लागली. दुपारचे तीन वाजले. मला कुणी फावडं दिलं नाही, मी चुलीवरच्या पातेल्याला पळी लावून उभी होते, आणि सूप तळाला लागलं ते मला कळलंसुद्धा नाही. बासिलिसाबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. पाणी दिलं तर प्यायल्या. शेवटचा तुकडा बाहेर आला तेव्हा इंजिनियरनं खड्ड्याचा फोटो काढला आणि कागद पुढे केला. बाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सही केली. केस किती पांढरे झाले होते!

"आता जबाबदार म्हणून माझं नाव नको," त्या इंजिनियरला म्हणाल्या. "मी इथे नसते. दुसरं लिहा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली मीच होते. मीही एक पाऊल पुढे टाकलं.

"साबीना किस्पे," बासिलिसाबाई म्हणाल्या.

खाली उतरवताना मी खुर्चीच्या बाजूनं चालत होते. म्हटलं, "दोन्या, मला तुम्हाला एक शेंग दाखवायची होती हो. एवढंच."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. पायऱ्या संपल्या, त्यांना गाडीत बसवलं, गाडी गेली.

परवानगी परत मिळाली. चूल एक दिवसही बंद पडली नाही. खड्डा बुजवून तिथे आम्ही घेवडा लावला, चांगला धरला. मी रविवार चुकवत नाही. बादल्या आता साबीना बघते, पण तिला नीट वास येत नाही, म्हणून मी गुपचूप पुन्हा बघते.

जानेवारीत एका रविवारी दुपारी मळ्यात माझा फोन वाजला. त्यांचाच नंबर. मी ओल्या हातानंच उचलला.

"दोन्या! कशा आहात?"

"बरी आहे. तिथे काय लावलंत?"

"घेवडा. फुलावर आलाय. गुडघ्याएवढा आहे, जास्त नाही."

वर तारा चरचरत होत्या.

"साबीना आहे का तिथे?"

"आहे."

"तिला दे."

मी फोन साबीनाच्या हातात दिला. साबीनानं हात कमरेला गुंडाळलेल्या पोत्याला पुसले आणि वाफ्याकडे बघत म्हणाली, "हो, दोन्या. घेवडा. हो, फुलावर. गुडघ्याएवढा." मग पलीकडून त्या बराच वेळ बोलत राहिल्या, आणि साबीना नुसती मान हलवत ऐकत राहिली.