साच्यांचं झाड

दवाखान्यात येणाऱ्यांपैकी कवळीवाल्याचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत, मोरीएवढ्या जागेत, तो एकतीस वर्षं कवळ्या घडवत होता. पुढे पेशंट, मागे तो, मधे पडदा. कवळी नीट बसली की मापाचा प्लास्टरचा साचा कचऱ्यात जायचा. हा ते साचे पिशवीत भरून घरी न्यायचा.

"लोकांची बोळकी घरात कशाला?" बायको म्हणायची.

तिची थोरली बहीण तर चार माणसांत सांगायची, "आमच्या धाकटीच्या नवऱ्याला देवानं हात दिले, ते दुसऱ्यांच्या तोंडात घालायला."

त्या साच्यांचं त्याने झाड केलं. जुन्या दाराच्या फळीवर जबड्याचं माप घ्यायच्या मोडक्या पत्र्यांचं खोड आणि वर तीनशेच्या वर फुलं. हिरडीची कमान म्हणजे पाकळीच की. वरून कवळीच्या गुलाबी पुडीचा उरलासुरला रंग. डॉक्टर बघून म्हणाले, "लाव पुढच्या खोलीत. भिंत तशीही बोडकी आहे."

त्याने बायकोला सांगितलं, "उद्या अकराला ताईंना घेऊन ये. मी बाहेरच असेन." ताईंनी एकदा त्याला पडद्याच्या बाहेर, आपल्या झाडाशेजारी उभं बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

सकाळी झाड लागलं. बाकावरची माणसं उठून आली. एक आजी म्हणाली, "हे कसलं हो?"

एकतीस वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. जीभ सुटली. "तुमच्याच तोंडाचा साचा आहे, आजी. हा बघा. डावी हिरडी खचलेली."

"अगंबाई. आणि आमच्या ह्यांचा? गेले ते."

"शेजारीच आहे की."

लोक हसले, आपापली फुलं विचारू लागले. तो दाखवत सुटला. आपल्याला चेहरा तसा त्याला जबडा. त्यात झाकण्यासारखं काही असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तेवढ्यात डॉक्टरांच्या पत्नी, डॉक्टरीणबाई, आल्या. "किती सुरेख," त्या म्हणाल्या.

"सगळ्यात वरचं तुमचं, बाई," तो कौतुकाने म्हणाला. "वरच्या जबड्याची पूर्ण कवळी. अशी कमान पुन्हा माझ्या हाताखालून गेली नाही."

"पूर्ण?" मागून कोणीतरी म्हणालं. बाई चाळिशीच्याही नव्हत्या. कंपाउंडरने तोंड भिंतीकडे वळवलं, पण त्याचे खांदे हलत होते. बाई ओठ मिटून आत गेल्या.

डॉक्टर बाहेर आले ते प्लास्टर फोडायची हातोडी घेऊन. आवाज चढवला नाही. "फोड. इथेच, यांच्यासमोर."

"डॉक्टर, अकरापर्यंत राहू द्या. घरची माणसं येतायत."

"मग हात उचल लवकर."

त्याने वरच्या फुलापासून सुरुवात केली. मग ती आजीच म्हणाली, "ह्यांचं जरा जोरात फोडा हो. त्या तोंडानं मला जन्मभर सोलून काढलंय." खोली खदखदली. पुढे प्रत्येक घावाला कोणी ना कोणी आपली भर घातली.

अकराला बायको ठेवणीतले कपडे घालून आली, सोबत बहीण. भिंतीवर मोडक्या पत्र्यांचं नुसतं खोड उरलं होतं. खाली गुडघ्यांवर बसून एक माणूस चुरा झाडत होता; भुवयांपर्यंत पांढरा. त्याने मान वर केली. बायकोने त्याला पाहिलं, आणि ती कंपाउंडरकडे वळली. "नंबर लावायचाय. बहिणीची दाढ दुखतेय."

दोघी बाकावर बसल्या. बहिणीला दाढेचं नवल वाटलं, पण तिचे डोळे खाली लागले होते. "काय गं, ते भाऊजी ना?"

"नाही," बायको म्हणाली. "ते मागे असतात."

तो झाडत झाडत बाकापाशी आला. "जरा पाय," तो म्हणाला.

बायकोने पाय वर घेतले.