सस्ताईचे दिवस

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या गाइड सरांना वाटलं, आपणही राजधानीचे झालो. सफारी सूट शिवला, टेबलावर काच टाकली, दर वाक्यात 'स्टेट लेव्हल' आणायला लागले. अक्कल मात्र होती तिथेच राहिली. मी तेव्हा अर्थशास्त्रात एम.ए. करून राहिले होते आणि माझा लघुप्रबंध होता तीसच्या दशकातल्या जागतिक महामंदीवर. सरांची सही झाली तर प्रबंध जमा होणार, एम.ए. होणार, आणि नव्या कॉलेजांत निघणाऱ्या जागांसाठी मला अर्ज करता येणार. नाही झाली तर घरच्यांनी हेरून ठेवलेला एक मुलगा होता. तो बोलायचा ते फक्त प्लॉटबद्दल, आणि तेही तोंडात गुटखा धरून.

मंदीची कारणं सरांना तोंडपाठ होती. अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, मागणी आटली. वर्षानुवर्षं परीक्षेच्या एकाच बाजारू कुंजीतून तेच लिहून द्यायचे, मधल्या छपाईच्या चुकांसकट. माझ्या प्रबंधात पुढचं प्रकरण होतं ते सामान्य माणसाच्या रोजच्या हालांचं. त्यावर त्यांनी लाल रेघ मारली.

"हाल का प्रमाण लाओ मैडम. कोई देखा हुआ आदमी लाओ, नाम-पते के साथ. नहीं तो ये चैप्टर हटाओ, तभी साइन होगा."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. प्रकरण काढलं तर मागे उरत होती नुसती कुंजी, आणि तिच्यावर आपलं नाव घालून जमा करायची मला लाज वाटत होती. सरांना ती कधी वाटली नाही, म्हणून तर ते सर होते.

बघितलेला माणूस आमच्या घरातच होता. बाबांचे काका. आम्ही सगळे त्यांना दादाजी म्हणायचो. वडील रेल्वेत बाबू, हेही रेल्वेतूनच रिटायर झालेले, आणि आता समता कॉलोनीत मुलाच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून जगाला शिस्त लावायचे. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेले. त्यांनी आधी केस विंचरले. आवाज टेप होणार होता, फोटो नव्हे, पण सांगणार कोण?

"हाल कायचे? लिही, सस्ताई होती, सस्ताई. गहू सस्ता, तूप सस्तं. बाबूजींचा पगार बांधलेला. लोक दारात येऊन दागिने विकून जायचे. सोन्याचे दिवस होते ते. तुमच्या मास्तरले म्हणा, अभ्यास करून बोलत जा."

आमच्या पाऱ्यांतल्या, म्हणजे मोहल्ल्यांतल्या, साऱ्या पगारदार मराठी घरांत हेच ऐकत मी मोठी झाले. तात्यापारा असो की ब्राह्मणपारा, म्हातारे जमले की सस्ताईची आरती सुरू. ज्याच्या घरी एक तारखेला पगार येतो त्याला मंदी म्हणजे दिवाळीच की. माल स्वस्त झाला म्हणजे पिकवणारा, विणणारा, विकणारा कुठेतरी मेला, एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या डोक्यांत कधी शिरली नाही. माझं टाळकं सरकत होतं, पण टेप चालू होता म्हणून मी मान डोलावत राहिले.

"अन् माणसं?" दादाजी रंगात आले होते. "माणसं तर विचारू नको. पोटावारी राहायची. दोन वेळा खायले द्या, पगार नाही की काही नाही. आमच्याच घरी तिघं-चौघं होती."

"त्यातली एक मी," काकी म्हणाली.

काकी म्हणजे दादाजींची बायको. आम्हीही तिला काकीच म्हणायचो. खाली बसून मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली. घरात आम्हाला सांगितलेली गोष्ट अशी, की नात्यातली पोर, लहानपणी तिला आसरा दिला आणि पुढे दादाजींनी हुंडा न घेता लग्न केलं. काय ते औदार्य, दर दिवाळीला त्याची उजळणी व्हायची.

"बाबा वर्ध्याकडं कापसाच्या जिनात हजेरी लिहीत. जिन बंद पडला," काकी सांगू लागली. "मले घेऊन इकडं आले. यायच्या आईनं मले पाहिलं अन् पहिली गोष्ट इचारली, किती खाते? काम येते का, हे नाही इचारलं. बाबा म्हनले, थोडंच खाते जी."

"बंद कर ते," दादाजी मला म्हणाले.

"राहू दे चालू," काकी म्हणाली. "त्या दिवसापासून मी थोडंच खाल्लं. बाबाचा शब्द पडू नये म्हनून. भूक लागे तर पानी पिऊन झोपत होती."

"अवं, तू तर घरची होतीस." दादाजींचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"लग्न झाल्यावर झाली घरची. त्याच्या आधी तुमच्या पंगतीत पाहिलं का मले कधी?"

त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी आठवलं नसतं, कारण त्यांना फक्त तुपाचा भाव आठवत होता. मला त्या माणसाची किळस आली, आणि आजही येते.

मी काकीला विचारलं, सरांना नाव लागतं, तुझं घालू का?

"हे नाव तर लग्नात ठेवलं यायनं. तवा त्या घरात मले कोनी नावानं हाक नाही मारली. 'ए पोट्टी' म्हनत. तेच लिही."

तेच लिहिलं. प्रबंध हिंदीत होता, पण तळटीपेत पोरीसाठीचा तो वऱ्हाडी शब्द तसाच ठेवला. साक्षीदार : पोट्टी, समता कॉलोनी, रायपूर.

सरांनी प्रकरण चाळलं, वाचलं नाही. तळटीपेवर मात्र बोट ठेवलं.

"पोट्टी? साउथ इंडियन हैं क्या?"

"हव सर."

"तभी. साउथ के लोग मेहनती होते हैं," सर म्हणाले, आणि सही केली.