व्हिनेगरने धुतलेल्या बाटल्या

"कशावरून?" हा काकूंचा लाडका प्रश्न. विचारताना चष्मा कपाळावर जायचा आणि एक भुवई वर. कुणी म्हणालं, आज थंडी जास्त आहे, तरी "कशावरून?" गणपतीच्या जेवणात एका बाईंनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, तर यांनी विचारलं, "कशावरून? एकाच घासावरून?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सुरुवातीला त्यांची धास्तीच वाटते.

मला तर फारच वाटायची. आठवीत शाळा सुटलेली मी लग्न करून परदेशात, श्रूजबरीला आले आणि त्यांच्या लॅबमध्ये बाटल्या धुण्याच्या कामाला लागले. काम त्यांनीच दिलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम नको, काकू म्हण. आणि न समजता मान हलवू नकोस."

काकूंचं सगळं आयुष्य पेशींतल्या ॲसिटेट नावाच्या रसायनाच्या अभ्यासात गेलं. जेवणाच्या सुट्टीत मला समजावून सांगायच्या. "पेशी ते जाळून ताकद मिळवते, त्याची चरबी बनवते, आणि गंमत म्हणजे त्याच्यातूनच जनुकंही उघडते. साडी घट्ट घडी घालून ठेवली तर नक्षी दिसते का? डीएनए तसाच प्रोटीनांवर गुंडाळलेला असतो. त्या प्रोटीनांना ॲसिटेटचा तुकडा चिकटला की घडी सैल होते. मग पेशीला जनुक वाचता येतं."

त्या हिवाळ्यात काकू खुशीत होत्या. ज्या पेशींना ॲसिटेट अजिबात दिलं नव्हतं, त्यांचीही जनुकं उघडी दिसत होती. काकूंचा अंदाज असा, की उपाशी पेशी कुठूनतरी जपून ठेवलेलं ॲसिटेट वापरते. निवृत्तीआधीचा हा त्यांचा शेवटचा मोठा पेपर होता. तो छापायला पाठवायची तयारी चालली होती.

एका दुपारी डबा खाताना मी विचारलं, "काकू, हे ॲसिटेट दिसतं कसं?"

"अगं, तुझ्या घरातही आहे. व्हिनेगरचा आंबटपणा कशाचा? त्याचाच भाऊबंद."

मी घास परत डब्यात ठेवला.

इथल्या पाण्याने बाटल्यांवर पांढरे डाग पडायचे. आमच्याकडे तांब्याची भांडी चिंचेने लख्ख करतात. इथे शेजारणीने व्हिनेगर सांगितलं होतं. दिवाळीपासून मी प्रत्येक बाटली व्हिनेगरने घासत होते आणि वरून एकदाच पाणी फिरवत होते. पेशींचं खाद्य त्याच बाटल्यांत बनायचं. बाटल्या चमकतात म्हणून काकूंनी माझं कौतुकसुद्धा केलं होतं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "गप्प बस. कुणाला कळणार आहे? नोकरी जाईल."

दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी व्हिनेगरचा कॅन घेऊन काकूंपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. काकूंनी कॅनचा वास घेतला. मग चष्मा कपाळावर गेला.

"कशावरून यानेच झालं?"

मला रडू यायला लागलं.

"रडणं नंतर. आठवडाभर अर्ध्या बाटल्या तुझ्या पद्धतीने धू, अर्ध्या नुसत्या शुद्ध पाण्याने. कुठल्या कुठल्या ते लिहून ठेव, पण मला सांगू नकोस."

आठवडा संपला. पाण्याने धुतलेल्या बाटल्यांतल्या पेशींची जनुकं मिटलेली होती. व्हिनेगरवाल्या बाटल्यांतली उघडी. काकूंनी माझी यादी आपल्या आकड्यांशेजारी ठेवली, दोनदा ताडून पाहिली आणि फोन उचलला. "पेपर कॅन्सल केलाय."

लॅबच्या बुधवारच्या मीटिंगला मला म्हणाल्या, "तू सांगायचंस."

"काकू, मला इंग्लिश कुठे येतं!"

"बाटली दाखवता येते ना?"

मी बाटली दाखवली, कॅन दाखवला. मोडकंतोडकं बोलले. मागे एक विद्यार्थी हसला. काकू वळल्या आणि इंग्लिशमध्ये म्हणाल्या, हिने सांगितलं नसतं तर आपण सगळ्यांनी मिळून खोटं छापलं असतं. पुन्हा कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काकूंनी पहिल्यापासून सुरुवात केली. मोठा पेपर काही झाला नाही. वर्षभर काम करून त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडे बॉथेलला गेल्या.

त्यांच्या खोलीत आता नवे साहेब बसतात. मागच्या सोमवारी घाईत मी एक ट्रे साबणाचं पाणी नीट न काढताच सुकवायला ठेवला. लक्षात आलं तेव्हा निम्म्या बाटल्या वापरात गेल्या होत्या. कुणी पाहिलं नव्हतं.

खोलीच्या दारावर काकूंच्या नावाच्या पाटीची स्क्रूची दोन भोकं अजून तशीच आहेत. उरलेल्या बाटल्यांचा ट्रे कमरेवर घेऊन मी त्या भोकांच्या खाली टकटक केलं.