पाच बाटल्या थुंकी

मिल बंद होऊन नवरा घरी बसला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याचा आतेभाऊ आमच्याकडे थुंकी मागायला आला. तो कॉलेजात प्रोफेसर. मिल चालू होती तोवर त्याला आमची गल्ली सापडत नव्हती. रुमालाने खुर्ची पुसून बसला. माणसाच्या थुंकीत एक प्रोटीन असतं, म्हणाला, ते आईबापाकडून येतं आणि सगळ्यांचं सारखं नसतं. ते घडवणारा जीन त्यांनी वेगळा काढून जंतूंमध्ये वाढवला होता. आता तो गुणसूत्रांच्या नकाशात कुठे बसतो ते शोधायचं होतं. त्यासाठी आजी, मुलगा, सून, नाती असं अख्खं घर हवं होतं.

"आमच्या लॅबमध्ये अटेंडंटची जागा निघतेय, दादा. बघतो मी."

नवरा उठून उभाच राहिला. "अरे भिया, थुंकी काय, रक्त पण घे!"

तेही त्याने घेतलंच.

सगळे बाटल्यांत थुंकले. मी भिंतीकडे तोंड करून.

"वहिनी, आत्ता काही खाल्लं नाही ना?"

"यांच्या ताटात जेवले."

आमच्याकडे बाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटात, ते न धुता, जेवते.

"शी! दादाची लाळ तुमच्या तोंडात? सँपल बिघडलं ना!"

थुंकी मागत दारी आलेला माणूस मला शी म्हणाला. त्याची आई जन्मभर अशीच जेवली होती.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उद्यापासून वेगळं ताट घे. नोकरीत खोट नको." लग्नापासून मला शिकवलेला धर्म एका अटेंडंटच्या जागेसाठी सुटला. पुढच्या आठवड्यात तो माझी थुंकी पुन्हा घेऊन गेला. नवरा अधूनमधून सराफ्यातल्या खाऊगल्लीतली मिठाई घेऊन त्याच्या घरी जायचा.

दिवाळीनंतर प्रोफेसर हसत आला. "मामी, जीनची जागा सापडली! तुमच्या घराचा फार उपयोग झाला."

"अन् ते अटेंडंटचं?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"अरे दादा, त्याला दहावी पास लागतो."

नवरा आठवी नापास, हे त्याला लहानपणापासून माहीत. तरी नवरा म्हणाला, "बरोबर आहे, भिया," आणि त्याची पिशवी उचलून कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेला. मला दोघांचीही किळस आली.

संध्याकाळी नवरा जेवून उठला. सासूबाईंनी त्याचं ताट माझ्यापुढे सरकवलं. आता नोकरीच नाही, तर धर्म परत आला. मी ते मोरीत नेऊन ठेवलं आणि माझ्या ताटात वाढून घेतलं.

"हे काय गं?"

"सँपल बिघडतं," मी म्हणाले आणि जेवायला बसले.